अर्बुदांच्या रक्तवाहिन्या : एका विचाराचा इतिहास

ज्या रोगास आपण आज कर्करोग म्हणतो त्याचे हे नाव आपल्या प्राचीन वैद्यकातले नव्हे. सुश्रुताच्या निदानस्थानात ग्रंथी, अपची आणि गलगंड ह्यांच्या पंक्तीस अर्बुद येते. त्याचे वातज, पित्तज, कफज, रक्तज, मांसज आणि मेदोज असे सहा प्रकारही तेथे सांगितले आहेत. परंतु खेकड्याचा तेथे संबंध नाही. खेकडा आला तो ग्रीकांकडून, आणि तो का आला ह्याचा इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातील गॅलेन ह्या वैद्याने केलेला खुलासा ध्यानात ठेवण्याजोगा आहे. स्तनातील अर्बुदाच्या भोवती शिरा फुगून दोहों बाजूंस पसरतात आणि त्या खेकड्याच्या पायांसारख्या दिसतात, असे त्याचे म्हणणे. म्हणजे अर्बुद आणि रक्तवाहिन्या ह्यांच्या ज्या संबंधाचा इतिहास आम्ही येथे सांगू इच्छितो, तो संबंध रोगाच्या नावातच उघड लिहिलेला होता. आणि तरीही तो नीट वाचावयास वैद्यकास जवळजवळ अठरा शतके लागली.

हे असे का झाले? अर्बुदात रक्त फार खेळते ही गोष्ट कोणाही शस्त्रवैद्यास सांगावी लागत नसे. सुरी लावताच ती त्याच्या हातांना कळत असे. तिचा अर्थ मात्र कोणी विचारला नाही. अर्बुद उष्ण असते म्हणून तेथे रक्त धावते, किंवा तेथे दाह होतो म्हणून शिरा फुगतात, असे म्हटले की समाधान होई. ह्या शिरा पूर्वीपासून तेथे होत्या व केवळ फुगल्या, की नव्या उगवल्या. आणि नव्या उगवल्या असतील तर त्यांस बोलावले कोणी, हा प्रश्न कोणाच्या मनात डोकावलेला दिसत नाही. १६२८ मध्ये हार्वेने रक्ताभिसरण सिद्ध केले. १६६१ मध्ये माल्पिघीने बेडकाच्या फुप्फुसात केसासारख्या बारीक वाहिन्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या आणि अभिसरणाच्या साखळीतील तुटका दुवा जुळवला. एकोणिसाव्या शतकात बर्लिनच्या रूडॉल्फ व्हिर्शो ह्या महापंडिताने १८६३ पासून पुढे अर्बुदांवर प्रचंड ग्रंथ लिहिला, त्यातही ह्या वाहिन्यांची दखल घेतलेली आहे. परंतु व्हिर्शो आणि त्याचे शिष्य पाहत होते ते मेलेले मांस. रोग्याच्या देहातून काढलेला तुकडा औषधात बुडवून, पातळ कापून, रंग चढवून ते पाहत. लढाई संपल्यावर दुसऱ्या दिवशी रणांगणावर जाणाऱ्यास प्रेते दिसतात, मोडक्या तोफा दिसतात. कुमक कोणत्या घटकेस आली आणि कोणाच्या निरोपावरून आली, हे काही त्यास दिसत नाही. तशीच ही गत होती.

विसाव्या शतकाच्या आरंभी फ्रायबुर्ग येथील एड्विन गोल्डमन ह्या शस्त्रवैद्याने ह्या बाबतीत एक पाऊल पुढे टाकले. अर्बुदांच्या वाहिन्यांत रंगद्रव्ये व धातूंचे क्षार भरून त्यांचे जाळे त्याने स्पष्ट उमटविले, आणि १९०७ मध्ये असे दाखवून दिले की वाढत्या अर्बुदाच्या कडेस वाहिन्यांची नवी, अव्यवस्थित पालवी फुटलेली असते. हे केवळ फुगणे नव्हते. ही नवी वाढ होती. परंतु चित्र अद्यापि स्थिर होते.

ते हलते झाले ते एका साध्या युक्तीने. अमेरिकेत सँडिसन नावाच्या संशोधकाने १९२० नंतरच्या दशकात सशाच्या कानात एक पारदर्शक खिडकी बसविली. ससा जिवंत, कान जिवंत, आणि खिडकीतून दिवसेंदिवस पाहावे तर केशवाहिन्या कशा वाढतात, कशा वळतात, कशा एकमेकींस मिळतात हे डोळ्यांसमोर घडत असे. १९३९ मध्ये आईड, बेकर आणि वॉरन ह्या तिघांनी ह्याच खिडकीत सशाच्या अर्बुदाचा कण ठेवून पाहिला आणि अर्बुदातून वाहिन्यांस वाढविणारे काही द्रव्य झिरपत असावे अशी शंका बोलून दाखविली. १९४५ मध्ये आल्जायर आणि चॉक्ली ह्यांनी उंदराच्या पाठीवरील कातडीत अशीच खिडकी बसवून, जखमेच्या आणि अर्बुदाच्या वाहिन्यांची रोजच्या रोज तुलना केली. जखम भरली म्हणजे वाहिन्यांची वाढ थांबे. अर्बुदाशेजारी ती थांबत नसे. त्यांचा निष्कर्ष असा की, यजमानाच्या देहाकडून नव्या केशवाहिन्या एकसारख्या उगवून घेण्याची ही शक्ती हेच कदाचित अर्बुदपेशीचे तिच्या निरोगी बहिणीहून मोठे वेगळेपण असेल.

वाचकांस वाटेल की आता काही उरले नव्हते. इतिहासाचा अनुभव निराळा आहे. आल्जायर-चॉक्लींचा निबंध छापला गेला, ग्रंथालयांत लागला आणि पंचवीस वर्षे जवळजवळ तसाच पडून राहिला. आमच्या मते ह्याचे कारण असे की, ह्या पाहणीतून करावयाचे काय, हे कोणी सांगितले नव्हते. कर्करोगाविषयी वैद्यांची त्या काळची सारी दृष्टी अर्बुदपेशींवर खिळलेली होती. तिला कापा, जाळा किंवा विषाने मारा, हे तीन मार्ग. तिची रसद कोठून येते ह्याचा विचार हा पाहणाऱ्यांचा शौक मानला गेला. पुराव्याचा अभाव हे शोध मागे राहण्याचे एकच कारण नसते. पुरावा ठेवावयास मनात फडताळ नसणे हेही एक कारण असते.

ते फडताळ तयार झाले एका नौदलाच्या प्रयोगशाळेत, आणि तेही भलत्याच कामाच्या निमित्ताने. जूडा फोकमन हा १९३३ मध्ये ओहायो प्रांतातील क्लीव्हलंड येथे एका यहुदी धर्मगुरूच्या घरी जन्मलेला मुलगा. हार्वर्डच्या वैद्यकीय विद्यालयातून १९५७ मध्ये बाहेर पडून तो शस्त्रवैद्यकाचे शिक्षण घेत होता. तोच सक्तीच्या सैनिकी सेवेने त्यास १९६० मध्ये बेथेस्डा येथील नौदलाच्या वैद्यकीय केंद्रात नेऊन बसविले. महिनोन्महिने बंदरास न लागणाऱ्या जहाजांवर रक्त साठवून ठेवता येत नाही. तेव्हा वाळवून ठेवता येईल आणि पाण्यात कालवून देता येईल असा रक्ताचा पर्याय शोधावा, हे त्याचे काम. फोकमन आणि त्याचा सहकारी फ्रेडरिक बेकर ह्यांनी सशाची थायरॉइड ग्रंथी काढून काचपात्रात ठेवली आणि तिच्या वाहिन्यांतून हिमोग्लोबिनचे पाणी खेळविले. ग्रंथी जगली. तिच्यात काही नवी वाढ होऊ शकते काय हे पाहावे म्हणून त्यांनी तीत उंदराच्या काळ्या अर्बुदाच्या पेशी सोडल्या. कारण अर्बुदाहून अधिक जोमाने वाढणारे दुसरे काय असणार?

पेशी वाढू लागल्या, आणि टाचणीच्या डोक्याएवढ्या, एक ते दोन मिलिमीटरांच्या, झाल्या आणि थांबल्या. प्रयोग पुनःपुन्हा केला; प्रत्येक वेळी तेच. त्या मेल्या म्हणावे, तर तेच कण परत उंदराच्या देहात ठेवले की अक्राळविक्राळ वाढत. मग काचपात्रात त्यांस अडविले कोणी? ग्रंथीत पेशी होत्या, पोषण होते, प्राणवायू होता. काय नव्हते ते शोधता शोधता दोघांस दिसले की काचपात्रातील ग्रंथीत वाहिन्यांचे अस्तर झिजून गेले होते आणि नव्या वाहिन्या एकही फुटलेली नव्हती. उंदराच्या देहातील अर्बुदांत मात्र त्यांचे दाट जाळे होते.

येथे एक साधा हिशेब सांगितला पाहिजे, कारण सारा विचार त्यावर उभा आहे. प्राणवायू केशवाहिनीतून बाहेर पडून पेशीपेशींतून झिरपतो तो फार दूर जात नाही. टॉम्लिन्सन आणि ग्रे ह्या इंग्रज संशोधकांनी १९५५ मध्ये फुप्फुसाच्या अर्बुदांचे छेद मोजून दाखविले होते की, वाहिनीपासून मिलिमीटराच्या सुमारे पाचव्या हिश्शापलीकडे असलेल्या पेशी मेलेल्या आढळतात. पाटापासून फार दूरचे शेत जसे ओलिताखाली येत नाही, तसेच हे. मग मूठभर पेशींच्या कणास पुढे वाढावयाचे तर दोनच वाटा: पाटाच्या कडेकडेने पसरावे, किंवा नवा पाट आपल्या शेतात ओढून आणावा.

फोकमन वयाच्या चौतिसाव्या वर्षी, १९६७ मध्ये, बोस्टन येथील मुलांच्या रुग्णालयाचे मुख्य शस्त्रवैद्य नेमले गेले. १८ नोव्हेंबर १९७१ रोजी न्यू इंग्लंडच्या प्रसिद्ध वैद्यकीय साप्ताहिकात त्यांनी जो निबंध लिहिला त्यातील विधाने थोडक्यात अशी: नव्या वाहिन्यांवाचून घन अर्बुद काही मिलिमीटरांपलीकडे वाढू शकत नाही, त्या वाहिन्यांस अर्बुद स्वतः एखादे द्रव्य सोडून बोलावते, आणि ते द्रव्य अडविता आले तर अर्बुद टाचणीच्या डोक्याएवढे होऊन निद्रिस्त राहील. पहिल्या दोन गोष्टींच्या जवळपास पूर्वसूरी येऊन गेले होते. तिसरी अगदी नवी होती. अर्बुदावर तुटून न पडता त्याची रसद तोडावी, हा गनिमी काव्याचा विचार कर्करोगाच्या चिकित्सेत त्यांच्या आधी इतक्या स्पष्ट शब्दांत कोणी मांडला नव्हता. ज्यांनी दख्खनच्या सतराव्या शतकाचा इतिहास वाचला आहे त्यांस ही युक्ती अपरिचित वाटणार नाही.

पुढील दहा वर्षे फोकमन ह्यांनी काय सोसले ते त्यांच्या समकालीनांनी लिहून ठेवले आहे. पेशीविज्ञानाचे पंडित म्हणत की हा कात्रीचा माणूस, ह्यास जीवशास्त्रात काय कळते. विकृतिवैद्य म्हणत की अर्बुदाच्या वाहिन्या म्हणजे दाहाचा परिणाम. सभेत ते बोलावयास उभे राहिले म्हणजे श्रोत्यांचा लोंढा एकदम बाहेर जावयास निघे, असे ते पुढे हसत हसत सांगत. १९७४ मध्ये मॉन्सँटो नावाच्या रसायन-कंपनीने हार्वर्डशी बारा वर्षांचा, सुमारे २ कोटी ३० लक्ष डॉलरांचा करार केला, त्यात त्यांच्या प्रयोगशाळेचा मोठा वाटा होता; तेव्हा विद्यापीठाने व्यापाऱ्याच्या दारी जावे काय, असा वाद उठून त्यांच्यावर आणखी एक आरोप चढला. टीकाकारांना सर्वस्वी दोष देण्याचे कारण नाही. ज्या द्रव्यावर सारा सिद्धांत उभा, ते द्रव्य फोकमन ह्यांस दाखविता येत नव्हते. त्यास त्यांनी नाव दिले होते, पण नाव म्हणजे वस्तू नव्हे.

ह्या काळातील प्रयोगांपैकी एकाविषयी मात्र थोडे विस्ताराने लिहिल्यावाचून आम्हांस राहवत नाही, कारण तर्कशुद्धतेत तो एखाद्या उत्तम न्यायनिवाड्यासारखा आहे. मायकेल जिम्ब्रोन हा तरुण सहकारी आणि फोकमन ह्यांनी अर्बुदाचे कण सशाच्या डोळ्यात ठेवले. डोळ्याच्या पुढच्या भागात स्वच्छ पाणी असते, मागे रंगीत पडदा असतो आणि त्या पडद्यात वाहिन्या असतात. काही कण पाण्यात तरंगत ठेवले, काही पडद्यावर टेकविले. डोळा तोच, ससा तोच, अर्बुद तेच. पाण्यात तरंगणारे कण मिलिमीटराच्या आत वाढून थांबले आणि आठवडेच्या आठवडे जिवंत पण निश्चल राहिले. पडद्यावरच्या कणांत मात्र वाहिन्या शिरल्या आणि दोन आठवड्यांत ते हजारो पटींनी वाढले. मग तरंगणारे कण उचलून पडद्यावर ठेवले. तेही वाढू लागले. १९७२ मध्ये हे प्रसिद्ध झाले. त्यानंतर १९७४ मध्ये त्यांनी डोळ्याच्या सर्वांत पुढच्या पारदर्शक पटलात अर्बुदाचा कण पेरला. ह्या पटलात मुळी रक्तवाहिनीच नसते, म्हणून तर ते पारदर्शक. तेव्हा तेथे जी वाहिनी येईल ती पूर्वीची होती असे म्हणावयास जागा नाही. कडेकडून वाहिन्या निघाल्या आणि वाकडीतिकडी वाट न धरता अर्बुदाच्या रोखाने चालत आल्या. बोलावणे गेले होते, हे आता डोळ्यांना दिसत होते. बोलावणाऱ्याचा आवाज तेवढा ऐकू यावयाचा होता.

हा आवाज पकडण्यासाठी साधनेही नवीन घडवावी लागली. कोंबडीच्या अंड्यातील गर्भाच्या आवरणावर वाहिन्यांची वाढ मोजण्याची रीत बसविली गेली. केशवाहिन्यांच्या पेशी काचपात्रात वाढविण्यास १९७९ साल उजाडले. द्रव्य पेरले की क्षणात विरून जाई, म्हणून ते हळूहळू झिरपविणारे बहुलक हवे होते. ते रॉबर्ट लँगर नावाच्या रसायन-अभियंत्याने तयार केले आणि १९७६ मध्ये प्रसिद्ध केले. एवढ्या मोठ्या रेणूंस असे झिरपविता येणार नाही, असे जाणते लोक त्यास सांगत होते. ह्याच लँगरने पुढे २०१० मध्ये मॉडर्ना कंपनीच्या स्थापनेत भाग घेतला, जिची लस २०२० च्या महासाथीत जगभर गेली. एका शास्त्राच्या अंगणातील रोप दुसऱ्याच्या परसात फळते ते असे.

द्रव्य सापडले ते शेवटी तीन ठिकाणी. १९८३ मध्ये बोस्टनच्याच हॅरल्ड ड्वोरॅक आणि डोनाल्ड सेंगर ह्यांस गिनीपिगच्या अर्बुदांतून एक प्रथिन मिळाले, ज्याने वाहिन्या पाझरू लागत. अर्बुदाभोवती पाणी का साचते, हा त्यांचा प्रश्न होता, वाहिन्या का उगवतात हा नव्हे. १९८४ मध्ये फोकमन ह्यांच्या प्रयोगशाळेत यूएन शिंग आणि मायकेल क्लाग्सब्रुन ह्यांनी कूर्चेच्या अर्बुदातून वाहिन्यांच्या पेशींस वाढविणारे पहिले प्रथिन शुद्ध केले. ते खरे होते. पण मुख्य गुन्हेगार ते नव्हते. १९८९ मध्ये कॅलिफोर्नियात जेनेन्टेक कंपनीत काम करणाऱ्या नापोलिओने फेरारा ह्या सिसिलीच्या वैद्याने गायीच्या मस्तकातील पीयूषिका ग्रंथीपासून वाहिन्या वाढविणारे आणखी एक प्रथिन वेगळे केले. त्याची घडण उलगडली तेव्हा कळले की ड्वोरॅकचे पाझरविणारे आणि फेराराचे वाढविणारे प्रथिन एकच आहे. त्यास संक्षेपाने व्हीईजीएफ म्हणतात. एकाच नदीस दोन गावांनी दोन नावे ठेवली होती.

हे प्रथिन काही अर्बुदाची निर्मिती नव्हे, ही गोष्ट विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. गर्भाच्या वाढीस ते लागते, जखम भरून येण्यास ते लागते. पेशीस प्राणवायू कमी पडला म्हणजे तिच्यातील एक यंत्रणा जागी होते आणि ती ह्या प्रथिनाची मागणी नोंदविते; ही यंत्रणा उलगडल्याबद्दल सेमेन्झा, रॅटक्लिफ आणि केलिन ह्या तिघांस २०१९ चे नोबेल पारितोषिक मिळाले. अर्बुद वेगळे करते ते इतकेच की, राज्याचा शिक्का त्याच्या हाती लागतो आणि ते त्या शिक्क्याने बनावट सनदा काढीत सुटते. वाहिन्या बिचाऱ्या हुकमाच्या ताबेदार. सनद खरी की खोटी, हे त्यांस कसे कळावे?

१९९३ मध्ये फेरारा आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ह्या प्रथिनास अडविणारे प्रतिपिंड उंदरांस देऊन अर्बुदांची वाढ रोखली. १९७१ च्या निबंधातील तिसरे विधान निदान उंदरांपुरते खरे ठरले. त्याच सुमारास फोकमन ह्यांच्याकडील मायकेल ओ'रायली ह्यास देहातच तयार होणारे, वाहिन्यांची वाढ रोखणारे दोन पदार्थ मिळाले, १९९४ मध्ये अँजिओस्टॅटिन आणि १९९७ मध्ये एंडोस्टॅटिन. दुसऱ्याने उंदरांतील अर्बुदे जवळजवळ नाहीशी होत आणि वारंवार देऊनही त्याचा गुण कमी होत नसे.

येथून पुढील प्रकरण आनंदाने लिहिण्यासारखे नाही. ३ मे १९९८ ह्या रविवारी न्यूयॉर्क टाइम्सच्या पहिल्या पानावर ह्या दोन पदार्थांची वार्ता आली, आणि तीत नोबेल-विजेत्या जेम्स वॉटसनच्या तोंडी असे भाकीत घातलेले होते की फोकमन दोन वर्षांत कर्करोग बरा करणार. आपण असे बोललो नाही, असे वॉटसनने मागाहून कळविले. पण सुटलेला बाण भात्यात परत येत नाही. औषधे करणाऱ्या एन्ट्रीमेड कंपनीच्या भागांचा भाव सोमवारी एका दिवसात चौपटीहून वर गेला. फोकमन ह्यांच्या रुग्णालयात देशभरातून रोग्यांचे आणि नातलगांचे निरोप येऊन कोसळले. आणि जे औषध अद्यापि एकाही माणसास दिले गेले नव्हते, ते मागण्यास लोक रांगेत उभे राहू लागले. स्वतः फोकमन सांगत होते की, तुम्ही उंदीर असाल तर आम्ही तुमची उत्तम व्यवस्था लावू शकू. त्यांच्या ह्या विनोदातील सावधगिरी मथळ्यांच्या गर्दीत कोणास ऐकू आली नाही. घरात रोगी पडलेला असता माणूस मथळा कोणत्या मनाने वाचतो हे ज्यांनी अनुभवले आहे, ते त्या वाचकांस हसणार नाहीत. आम्हीही हसत नाही. दोष द्यावयाचाच तर तो आशेच्या बाजारात भाव चढविणारांस द्यावा. १९९९ पासून माणसांवर चाचण्या झाल्या. एंडोस्टॅटिन निरुपद्रवी ठरले, पण अर्बुदे त्याने म्हणण्यासारखी ओसरली नाहीत. चीनमध्ये त्याचे एक बदललेले रूप २००५ मध्ये फुप्फुसाच्या कर्करोगासाठी मान्य झाले. अमेरिकेत ते औषध म्हणून कधीच मान्य झाले नाही.

थॅलिडोमाइडची कथा ह्याच प्रकरणातील एक उपकथा म्हणून सांगण्याजोगी आहे. गर्भवतींस दिलेल्या ह्या औषधाने हजारो मुले अपंग जन्मली आणि १९६१ मध्ये ते बाजारातून उठले. मुलांचे हातपाय खुरटले ते वाहिन्या न वाढल्याने असतील, असा तर्क फोकमन ह्यांच्या प्रयोगशाळेतील रॉबर्ट डी'अमाटो ह्याने बांधला आणि १९९४ मध्ये सशाच्या डोळ्यात तो पडताळून दाखविला. त्या आधाराने अस्थिमज्जेच्या कर्करोगात ते देऊन पाहिले, तर १९९९ मध्ये गुण आल्याचे प्रसिद्ध झाले आणि २००६ मध्ये अमेरिकेत त्या उपयोगासाठी ते मान्य झाले. पुढे २०१० मध्ये जपानी संशोधकांनी ते पेशीतील सेरेब्लॉन नावाच्या प्रथिनास चिकटते हे दाखविले; आणि त्याचा गुण बव्हंशी त्या वाटेने येतो, वाहिन्यांच्या वाटेने नव्हे, असे आज मानले जाते. तर्क पुरता बरोबर नव्हता, औषध मात्र लागू पडले!

फेरारा ह्यांच्या प्रतिपिंडास माणसाच्या देहाशी जुळेल असे रूप देऊन जे औषध झाले ते बेव्हॅसिझुमॅब. मोठ्या आतड्याच्या पसरलेल्या कर्करोगाच्या ८१३ रोग्यांवर त्याची परीक्षा झाली. नेहमीच्या औषधांबरोबर हे दिलेल्या रोग्यांचे मध्यम आयुर्मान २०.३ महिने भरले; ज्यांस ते दिले नव्हते त्यांचे १५.६ महिने. फेब्रुवारी २००४ मध्ये अमेरिकेच्या सरकारने ते मान्य केले. तेहतीस वर्षांपूर्वी कागदावर मांडलेल्या विचारावरून केलेल्या औषधाने माणसाचे आयुष्य वाढले, हे प्रथमच सिद्ध झाले. पावणेपाच महिने! दूर बसलेल्यास ही मिळकत अल्प वाटेल. ज्या घरात मुलीचे लग्न किंवा नातवाचे बारसे व्हावयाचे आहे, तेथे ह्या महिन्यांचे मोल निराळे असते. पण त्या महिन्यांसाठी ज्यांचे घरदार विकले जाते, त्यांच्या बाजूनेही हा हिशेब मांडला पाहिजे. स्तनाच्या पसरलेल्या कर्करोगासाठी हेच औषध २००८ मध्ये घाईने मान्य झाले. पुढील चाचण्यांत आयुष्य वाढल्याचे दिसेना, तेव्हा नोव्हेंबर २०११ मध्ये ती मान्यता काढून घेण्यात आली. तत्पूर्वीच्या सुनावणीत, आम्ही ह्याच औषधावर जगलो, असे सांगावयास रोगी स्त्रिया स्वतः उभ्या राहिल्या होत्या. सरासरीच्या न्यायासनासमोर एकेकट्या जीवाची साक्ष कितपत धरावी, हा प्रश्न तेव्हाही सुटला नाही.

अपेक्षेएवढे यश का आले नाही? वाहिन्यांच्या पेशी निरोगी असतात, अर्बुदपेशींसारख्या त्या रूप बदलीत नाहीत. म्हणून त्यांवर मारा केला तर औषधास दाद न देण्याचा प्रश्न उद्भवणार नाही, अशी मोठी आशा होती. वाहिन्या खरोखरच बदलल्या नाहीत. अर्बुदाने वाट बदलली. एक प्रथिन अडविले तर ते दुसरे सोडू लागले. आणि काही अर्बुदे तर नवा पाट काढण्याच्या भानगडीत न पडता यकृतासारख्या वाहिन्यांनी भरलेल्या अवयवात जुन्या पाटांच्या काठानेच पसरतात, हेही उघड झाले. रसद तोडावी तर शत्रू मुलुखगिरी करून पोट भरू लागला, असाच हा प्रकार.

ह्याच वेळी कानपूरच्या तंत्रज्ञान संस्थेतून १९७२ मध्ये पदवी घेऊन अमेरिकेस गेलेल्या राकेश जैन ह्यांनी २००१ मध्ये एक उलटा विचार मांडला. अर्बुदाच्या वाहिन्या वेड्यावाकड्या, गळक्या. त्यांतून रक्त धड वाहत नाही आणि म्हणून रक्तातून सोडलेले औषधही पेशींपर्यंत धड पोहोचत नाही. वाहिन्या-रोधक औषध बेताने दिले तर ह्या वाहिन्या काही काळ सरळ, शहाण्या होतात आणि त्यांतून दुसरे औषध आत जाते. म्हणजे बेव्हॅसिझुमॅब नेहमीच्या औषधांच्या जोडीस गुण देते ते पाट बुजविल्याने नव्हे, काही अंशी पाट दुरुस्त केल्याने! फोकमन ह्यांच्या सिद्धांताचे हे खंडन की मंडन, हे ठरविणे अवघड आहे. आम्ही तर ह्यास टीका म्हणू, जुन्या अर्थाने, मूळ ग्रंथ अधिक स्पष्ट करणारी.

फोकमन ह्यांचा मृत्यू १४ जानेवारी २००८ रोजी डेन्व्हरच्या विमानतळावर हृदयविकाराने झाला. त्यांच्या विचाराचे सर्वांत पक्व फळ तोपर्यंत कर्करोगात नव्हे, तर डोळ्यांत पिकले होते. आयझॅक मायकेलसन ह्या नेत्रवैद्याने १९४८ मध्येच, डोळ्यातील पडद्यावर वाहिन्या वाढविणारे एखादे द्रव्य असावे, असा तर्क केला होता. वार्धक्यात ह्या पडद्याखाली नव्या वाहिन्या फुटून, गळून, दृष्टी जाते. तेथेही तेच व्हीईजीएफ. २००६ मध्ये त्यावर रॅनिबिझुमॅब हे खास औषध आले आणि अंधारात जाणारे असंख्य वृद्ध पुन्हा वाचू लागले. त्याआधीच, २००५ मध्ये, एका अमेरिकन नेत्रवैद्याने आतड्याच्या कर्करोगाचे तेच जुने बेव्हॅसिझुमॅब थेंबाएवढे डोळ्यात टोचून पाहिले होते. २०११ च्या सरकारी चाचणीत दोन्ही औषधांचा गुण सारखाच ठरला. एका मात्रेची किंमत मात्र एकाची सुमारे २,००० डॉलर तर दुसऱ्याची सुमारे ५०. आपल्याकडील नेत्रवैद्यही ह्या स्वस्त औषधाची एक कुपी अनेक रोग्यांस वाटून देतात.

कर्करोगाच्या बाबतीतही हा विचार आपल्या दारी आला आहे, आणि तो अशाच एका काटकसरीच्या वाटेने. २००० मध्ये बोस्टन येथे फोकमन ह्यांच्या आणि टोरांटो येथे रॉबर्ट कर्बेल ह्यांच्या प्रयोगशाळांतून असे प्रसिद्ध झाले की, कर्करोगाची जुनीच विषारी औषधे मोठ्या मात्रेने व खंड पाडून देण्याऐवजी अल्प मात्रेने व वरचेवर दिली तर त्यांचा मारा वाहिन्यांच्या पेशींवर होतो. मधल्या विश्रांतीत त्या पेशी जो दम धरीत, तो त्यांस मिळत नाही. महाग नवी औषधे ज्यांच्या आवाक्यात नाहीत त्यांच्या वैद्यांस ह्यात फार अर्थ दिसला. परळ येथील टाटा स्मारक रुग्णालयाने, जे १९४१ मध्ये सुरू झाले, तोंडाच्या व घशाच्या वाढलेल्या कर्करोगाच्या ४२२ रोग्यांवर अशी चाचणी घेतली आणि तिचा निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध केला. ह्या रोगाचे मूळ आपल्याकडे बहुधा तंबाखूत आणि सुपारीत असते, आणि त्याचे रोगी बहुधा गरीब असतात. निम्म्या रोग्यांस दर तीन आठवड्यांनी रुग्णालयात शिरेतून सिस्प्लॅटिन दिले. निम्म्यांस तोंडाने घ्यावयाच्या दोन जुन्या, स्वस्त गोळ्या, आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट आणि रोज दोनदा सेलेकॉक्सिब. पहिल्यांचे मध्यम आयुर्मान ६.१ महिने झाले, दुसऱ्यांचे ७.५ महिने, आणि गोळ्यांचा त्रासही कमी होता. ह्या गुणात वाहिन्यांचा वाटा किती आणि देहाच्या प्रतिकारशक्तीचा किती, ह्याचा निवाडा अद्यापि व्हावयाचा आहे. रोगी मात्र तपासणी आटोपली की त्या गोळ्यांची पुडी घेऊन गाडीने आपल्या गावी परत जातो.